चाड्यावरची मूठ

काल माझी नात इंग्रजी पाठ करून राहिली व्हती. "कन्फेस म्हंजी आपली चूक आपल्या तोंडानं उघड सांगणं," ती म्हणाली. अन् मला एकदम कच्च्या जवारीची चव आली.

निजामाच्या काळातली गोष्ट. पुसेगावाकडं आमचं वावर व्हतं. मी बारा वर्साची नवी सून. दोन दिस चूल पेटली न्हवती. तिफणीमागं चालत निम्मं वावर सासूनं पेरलं, निम्मं म्या. चाड्यात बी सोडता सोडता मधीच माझी मूठ तोंडात जायची.

आठ दिसानं जवारी उगवली, तर तासाच्या वळीत जागोजाग नुसती माती. सासरा बांधावरून वरडला, "बी कोणी खाल्लं? ह्या पोरीला म्हायेरी धाडतो!" म्हायेरी माझं कोणीच उरलं न्हवतं. म्या सासूच्या मागं दडले.

सासू म्हणाली, "म्या खाल्लं. भूक लागली व्हती. मला धाडा की म्हायेरी, म्हातारीला!" सासरा मान खाली घालून गेला.

माझ्यापायी ती खोटं बोलली, असंच म्या जल्मभर धरलं. पण तिच्या निम्म्या वावरातबी तशीच माती दिसत व्हती, हे काल ध्यानात आलं. मंग ती खरं बोलली का? काही उमगंना. म्या तिला कधी इचारलंच न्हाई.

"पेरणीचं बी म्याबी खाल्लं," मी म्हणले.

"कोणाला सांगून राहिली, आजी?"

"सासूला."