सस्पेंड झालेलं लायसन्स आणि मला मिळालेली शाल

सिंगापूरवर लिहायचं तर लोक मरीना बेवर लिहितात. मी बेडोकच्या घरून ऑफिसांच्या भागात, तांजोंग पगारला गेलो, तेही तोंड लपवत. कुणाला हीच वाट धरावी लागलीच (देव करो नि न लागो), तर उपयोगी पडेल.

आधी कबुली. शाळेला उशीर होतोय म्हणून मी लाल सिग्नल तोडला. क्रॉसिंगवर एक आजी होत्या, थोडक्यात वाचल्या. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची ईरा किंचाळली. वेगाने गाडी हाकल्याचे दंडाचे पॉइंट आधीच साठलेले, त्यामुळे लायसन्स बारा आठवडे सस्पेंड. ते परत मिळालं तर इन्शुरन्सवाल्यांनी हात झटकले, आणखी दोन कंपन्यांनी फोनवरच नकार दिला. आणि मी नोकरी करतो बँकेच्या रिस्क विभागात! हसा.

शेवटी ऑफिसातल्या एकाने अवघड केसेस घेणाऱ्या विमा एजंटचा पत्ता दिला. शनिवारी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊच्या स्टॉलांच्या मंडईत, कोपी (इथली कॉफी) पिऊन आणि नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाऊन निघालो. नऊच्या आत जा, नंतर टेबल मिळत नाही. एमआरटी, म्हणजे मेट्रो, थेट आहे, भाडं दोन डॉलरच्या आसपास. जुनी पॉलिसी आणि सस्पेंशनचं पत्र सोबत ठेवा. जुन्या मॉलचा तिसरा मजला, काचेचं दार. आत टेबलामागे आमच्या महाराष्ट्र मंडळाचे दामले काका!

गणपतीत त्यांनी विचारलं होतं, "गाडी दिसत नाही ती?" मी ठोकून दिलं, "पर्यावरणासाठी सोडली, काका." त्यांनी भारावून मला स्टेजवर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. ईरा तेवढी हाताची घडी घालून बसली होती; खरं तिला माहीत होतं, पण गप्प राहायचं मीच तिला बजावलं होतं.

काकांनी पत्र वाचलं, फॉर्म पुढे सरकवला. "कारण लिही."

"काका, ते पर्यावरणाचं..."

"तसा रकाना नाही रे यात."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी सगळं लिहिलं, आजींसकट. दुप्पट हप्त्याने का होईना, पॉलिसी मिळाली.

घरी ईराने विम्याच्या सर्टिफिकेटकडे बघितलंही नाही. "काकांना सांगितलंस?"

"हो."

"आणि बाकीचे अंकल-आंटी? टेल एव्हरीबडी, लाह. मगच मी गाडीत बसणार." (हे 'लाह' इथलं, आपल्या 'ना'सारखं.)

म्हणून ही पोस्ट, मंडळाच्या ग्रुपवर टाकण्यासाठी. लाज वाटतेच आहे. पण ईराने आधी स्वतः तपासायचं ठरवलंय. मराठी ती बोट ठेवून, हळूहळू वाचते. आत्ता कुठे त्या आजींपर्यंत आली आहे.