आवळीखालची चूल

“बेंकी! बेंकी!” असं ओरडत एक म्हातारा आमच्या अंगावर धावून आला. बेंकी म्हणजे विस्तव, एवढं कन्नड सहा महिन्यांत मलाही आलं होतं. पण विस्तवाला एवढं काय ओरडायचं? चूल झकास पेटली होती. मीच पेटवली होती. माझी फुंकर तेव्हा अशी, की फलाटावरचं इंजिन कोळशावाचून पुढच्या स्टेशनात जावं.

कार्तिकातला रविवार होता. सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी मी आणि आमची ही बेंगळुरात आलो होतो. बरोबर शेजारच्या अक्का होत्या, बेळगावकडच्या. आवळीभोजन करायचं तर आवळीखालीच शिजवायला हवं, आणि क्वार्टर्समध्ये आवळी नाही. मग मी सायकल मारत बन्नेरघट्ट्याच्या बाजूला एक रान हुडकलं. रान कसलं, पृथ्वी निवत असतानाच उगवलेलं! एकेका बुंध्याला कवेत घ्यायचं तर अख्खा कारखाना रजेवर काढावा लागेल. त्याच्या कडेलाच आवळी.

म्हाताऱ्याने आमटीचं पातेलं उचललं आणि सरळ चुलीवर ओतलं.

“अहो, आमटी!” ही किंचाळली.

म्हातारा कन्नडमध्ये बोलत सुटला. अक्का मराठीत सांगू लागल्या, “हे देवाचं रान आहे म्हणतायत. आपली देवराई असते तसं. हे त्याचे राखणदार. इथली वाळकी काडीसुद्धा कोणी उचलत नाही.”

मी दोन मोळ्या उचलल्या होत्या. एकीवर बसलो होतो.

“आणि वर बघा म्हणतायत.”

वर मुठीएवढं जनावर होतं, डोळे मात्र बशीएवढे. कन्नडात काडुपापा, म्हणजे रानातलं बाळ; माकडाच्याच कुळातलं. दिवसा झोपणारा जीव, आमच्या धुराने उठून पळत होता. त्या गडबडीत पोटाला बिलगलेलं पिल्लू सुटून खालच्या फांदीला लोंबकळत राहिलं होतं. अंगठ्याएवढं. आई पलीकडच्या झाडावर पोचून मागे बघत होती, पण आमच्या भीतीने येत नव्हती.

म्हाताऱ्याने आम्हांला दूर नेऊन बसवलं.

“आई नाही आली तर?” हिने विचारलं.

अक्कांनी विचारून सांगितलं, “मरेल म्हणतात. इथे माणसाच्या हातून आजवर काही मेलं नाही म्हणतात.” म्हातारा गुडघे आवळून बसला होता. त्याच्या धोतरावरून आमटी ओघळत होती.

मग आई निघाली. एक हात पुढे, थांबली. दुसरा हात, थांबली. तिच्यापुढे सरकारी फाइल धावत सुटली म्हणावी! मी झोपेतही बडबडणारा माणूस, तीन तास गप्प बसलो. ही म्हणते अर्धा तास. म्हणू दे. शेवटी आईने पिल्लाच्या मानेशी तोंड नेलं, त्याने तिच्या पोटाला मिठी मारली, आणि दोघं पानांत दिसेनाशी झाली.

म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. माझेही पाणावले होते. धूर फार झाला होता ना.

पण गप्प राहणं मला मानवत नाही. “अक्का, सांगा त्यांना,” मी छाती काढून म्हणालो, “आणखी दोन मिनिटं लागली असती, तर मी स्वतः वर चढून पिल्लू आईकडे दिलं असतं!”

अक्कांनी सांगितलं. म्हाताऱ्याने मला खालून वर पाहिलं, मग आवळीकडे पाहिलं, आणि काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतात?”

“फांदी मोडली असती म्हणतात.”