तांदळातलं नाव

धरमपेठेतल्या मुलींच्या एका शाळेत गोपिकाबाई इतिहास शिकवत. पोरी त्यांना घाबरत नसत, पण त्यांच्या तासाला दांडीही मारत नसत. स्त्रियांच्या हक्कांचा धडा पुस्तकात जेमतेम दीड पानाचा. बाकीचे मास्तर 'घरी वाचा' म्हणून उरकून टाकत. गोपिकाबाई त्याच धड्यावर पंधरवडा घालवत. बालविवाह, केशवपन, मताचा हक्क, वारसाहक्क, सगळं सांगून झालं की शेवटी पोरींना एकच काम देत : घरी जाऊन आजीला तिचं माहेरचं नाव विचारून या. आडनाव नव्हे, बारशात ठेवलेलं नाव.

दुसऱ्या दिवशी फळा अर्धा रिकामाच राही. कुणाची आजी लाजलेली असे, कुणाची 'काय करतं वं विचारून?' म्हणून खेकसलेली. काही जणींना तर खरंच आठवत नसे. मग बाई स्वतःचं सांगत. त्या माहेरच्या रंभा. सासूबाईंना ते नाव तमाशातलं वाटलं, म्हणून लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'गोपिका' लिहिलं आणि रंभा तिथेच संपली. पोरी खुदखुदत. बाई हसत नसत.

पंचाहत्तर साली, सगळीकडे महिला वर्षाचा गाजावाजा चालला होता तेव्हा, त्यांच्या वर्गात सिंधू होती. नंदनवनातल्या चंपतरावांची मुलगी. चंपतराव पोस्टात कारकून. सिंधूनं आजीचं नाव आणलं, बायजा.

"बाई, आजी रडली," ती म्हणाली. "म्हणे, सासरी आल्यापासून हे कोणी विचारलंच नाही मले." मग खाली बसायचं सोडून तशीच उभी राहिली. "मी माझं नाव नाही बदलवणार. कोणी काहीही म्हणो."

बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्या रात्री त्यांना किती गाढ झोप लागली!

सिंधू बी.ए. झाली तशी स्थळं येऊ लागली. प्रत्येकाला ती चहाचा कप हातात द्यायच्या आधीच विचारायची, "नाव तर नाही ना बदलवणार?" दोन चांगली घरं पोरगी आगाऊ आहे म्हणत उठून गेली. चंपतरावांनी डोक्याला हात लावला. अशात गोपिकाबाईंच्या मुलाचं, वसंताचं स्थळ आलं. वीज मंडळात नोकरी, मुलगा निर्व्यसनी. या वेळी सिंधूनं काहीच विचारलं नाही.

"बाईंच्या घरी काय विचाराचं?" ती वडिलांना म्हणाली.

हे चंपतरावांनीच कौतुकानं बाईंना सांगितलं. बाईंचा ऊर भरून आला, पण क्षणभरच. कारण घर बाईंचं होतं कुठे? घर सासूबाईंचं, रुखमाबाईंचं. म्हातारीची नजर गेली होती, सत्ता नव्हती गेली.

"वसंताची बायको वासंती," त्यांनी जाहीर करून टाकलं. बाईंनी कसंबसं तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "काहून वं? तुले नाही ठेवलं होतं का नाव? काय बिघडलं तुह्यं?"

मधुकरराव, बाईंचे यजमान, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आईचे किती दिवस राहिले आता? एवढ्याशा गोष्टीसाठी घरात भांडण नको."

उद्या बोलू, असं बाईंनी ठरवलं. उद्या पाहुणे आले. परवा बस्ता होता. निदान सिंधूला तरी कानावर घालायचं! तेही नाही. वर्गात वाघीण आणि घरात मूग गिळून गप्प. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगीच नाही.

लग्न लागलं, सून माप ओलांडून आत आली. देवापुढे तांदळाचं ताट आलं. रुखमाबाईंनी नाव सांगितलं आणि वसंतानं अंगठी टेकवली. सिंधूनं मान वर केली. आजेसासूकडे नाही, नवऱ्याकडे नाही, सरळ बाईंकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वी वर्गात उभी होती तशीच ती नजर, भरवशाची. एक शब्द पुरे होता. सगळे थांबलेच होते.

वसंताचं अक्षर पहिल्यापासून गचाळ. शेवटचं अक्षर तांदळात नीट उमटलंच नाही. आणि बाईंचा हात पुढे गेला. इतिहास शिकवायला लागण्याआधी पहिलीच्या पोरांना पाटीवर अक्षरं गिरवून देण्यात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. त्या सवयीनं, काही मनात यायच्या आत, त्यांनी बोटानं ते अक्षर नीट कोरून दिलं. वासंती.

"मास्तरीण ते मास्तरीणच!" कुणीतरी म्हणालं आणि खोली हसली. सिंधूनं मान खाली घातली. बाईंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. धरणी कुणाला घेत नाही, ती पेढे वाटायला लावते.

सिंधू भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. सुरुवातीला 'वासंती' म्हणून दोनदा हाक मारावी लागे. "बहिरी आहे का वं?" रुखमाबाई विचारत. बाईंना माहीत होतं, ती बहिरी नाही. पुढे एका हाकेत येऊ लागली. पूर्वी 'बाई, बाई' करणारी ती आता त्यांना इतरांसारखं 'आई' म्हणे. बाईंनी शाळेत तो धडा शिकवणं सोडलं नाही, पण आजीच्या नावाचं काम पुन्हा कुणाला दिलं नाही. पोरींनी त्यांनाच काही विचारलं असतं तर?

शहाऐंशीत रुखमाबाई धंतोलीतल्या दवाखान्यात वारल्या. तेरवी झाली, पाहुणे पांगले. सून स्वयंपाकघरात पाठमोरी बसून मेथी निवडत होती. आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं. बाई दारात आल्या. 

"सिंधू," त्यांनी हाक मारली.

मेथीवरचे हात थांबले. ती वळली. बाईंनी तिच्या चेहऱ्यावर राग शोधला, निदान तो तरी असावा म्हणून. राग नव्हता. नुसता थकवा होता.

"बाई," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं 'बाई' म्हटलं होतं. "राहू द्या. आता पुन्हा माझं नाव नका बदलवू."