सरकत्या जिन्याखालच्या चपला

ये, अशी जवळ सरक. आणि तो फोन आधी पालथा ठेव. पाऊण तासासाठी आलीस, त्यातलं अर्धं लक्ष त्याच्यात! शिवाय मला कळलंय हां, माझ्या चपलांची गोष्ट तू कॉलेजात सगळ्यांना सांगत फिरतेस. "आमच्या आजीला सरकत्या जिन्याची भीती वाटली म्हणून तिने चपला काढल्या." भीती? मला? तुला काय माहीत गं! ऐक आता.

मुलुंडचा तो तुमचा मॉल आहे ना, तिथे आधी रंगाचा कारखाना होता. तुझे आजोबा मालवणाहून आले ते तिथेच लागले. रंगाच्या डब्यांवर झाकणं दाबून बसवायचं मशीन त्यांच्याकडे. वर्षभर आम्हा घरच्यांना गेटच्या आत येऊ देत नसत. फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी मशीनं बंद, धुऊनपुसून लख्ख, वर कुंकवाची बोटं आणि झेंडूच्या माळा. शेडच्या दाराशी सगळ्यांनी चपला काढायच्या, मोठे साहेबसुद्धा अनवाणी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला मशीनपुढे उभं करून हे म्हणाले, "ह्येच्या पाया पड गो. ह्याच आपणाक जेवूक घालता." पडले मी. पायाखालची फरशी एरवी रंगाने चिकट असते म्हणे, ती त्या दिवशी घासलेली होती.

मग कारखाना बंद पडला. आधी गेटला कुलूप, मग भोवती पत्रे, मग क्रेन, मग काचाच काचा. शेड पाडल्या, चिमणी पाडली. एक पिंपळ तेवढा राहिला, कारण त्याच्यावर कुऱ्हाड घालायला कोणी मजूर तयार होईना. आता त्याच्याभोवती गाड्या लावतात. बस तिथून गेली की आजोबा दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसायचे. ते गेल्यावर मीही ठरवलं, त्या मॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही.

आणि तिथेच माझी वाट लागली. मी हट्ट धरून बसले आणि तुझ्या आईच्या आईने तुझे सगळे रविवार पटकावले. बाई बँकेतून रिटायर झालेल्या, केस कापलेल्या, मॉलमध्ये घरच्यासारख्या वावरणाऱ्या. लहानपणी दर सोमवारी तू मला फोनवर सांगायचीस, "आजीने मला छोट्या ट्रेनमध्ये बसवलं." त्या नुसत्या 'आजी', आणि मी 'भांडुपची आजी'! जळायचे गं मी, खोटं कशाला बोलू? रविवारी घावणे करून ठेवायचे आणि संध्याकाळी शेजारणीला देऊन टाकायचे.

दोन वर्षांपूर्वी तुझा वाढदिवस नेमका खंडेनवमीला आला. विहीणबाईंनी तो मॉलमध्ये ठरवला. म्हटलं, आता नाही गेले तर ही पोर पुरतीच गेली माझ्या हातातून. आले. आत शिरले आणि बघते तर काय, सरकत्या जिन्याला दोन्ही बाजूंनी झेंडूच्या माळा, कठड्यावर कुंकवाची बोटं! तिथल्या मेकॅनिक लोकांनी पूजा केली होती. मला बाकीचं काही दिसेना. चपला काढून कडेला जोडीने ठेवल्या, हात जोडले आणि चढले. जिना मला घेऊन वर गेला, चपला खाली राहिल्या.

वर तुम्ही सगळे. तुझ्या त्या आजी म्हणाल्या, "अहो विहीणबाई, पायात काही नाही तुमच्या!" तू पोट धरून हसलीस. खालून वॉचमन ओरडला, "माताजी, चप्पल!" आणि मग काय झालं, ते तू कोणाला सांगत नाहीस. विहीणबाई खाली गेल्या, माझ्या चपला स्वतःच्या हातात धरून वर आल्या आणि माझ्या पायाशी ठेवल्या. हसल्या असत्या तर परवडलं असतं. तेवढा मोठेपणाही त्यांनीच घेतला!

वर हळूच विचारतात, "माळ बघून काढल्यात ना? तुमच्या यजमानांचं मशीन नक्की कुठे होतं हो इथे?"

तू तोपर्यंत हसायची थांबली होतीस. माझ्याकडे बघत होतीस. आणि मी म्हटलं, "आता काही आठवत नाही बाई."

खोटं बोलले. पिंपळाला पाठ करून सरळ चालत आलं की बरोबर कुठे, हे मी डोळे मिटून सांगेन. त्या दिवशी वरून पाहिलं मी, तुझी ती छोटी ट्रेन वळते ना, तिथेच. पण सगळं त्यांच्याकडे गेलेलं, एवढी एक जागा माझ्याकडे उरलेली. ती त्यांच्यादेखत कशी सांगू? त्यांना नाही दिली, त्यात तुलाही नाही मिळाली. दोन वर्षं ते मला खातंय.

म्हणून सांगते, पुढच्या रविवारी ये. आधी इथे घावणे खा, मग दोघी जाऊ, पिंपळापासून चालत दाखवते. विहीणबाईंना आण हवं तर, पण त्याच्या पुढच्या रविवारी. पहिल्यांदा तू एकटी ये गं. लवकर ये.