दगडूची शिफारस

काल दप्तरखान्यात एक जुना कागद उजेडाला धरला, तेव्हा जोडाची केसाएवढी रेघ दिसली. हात ओळखीचा होता, माझा इथल्या कामातला जोडीदार दगडूचा. फाटल्या कागदाला तो खळ लावून पातळ कागद असा बसवायचा, की बोटालाही जोड लागू नये.

दप्तरखान्याच्या कारागीर पुरस्कारासाठी त्याचंच नाव द्यायला गेलो होतो. तिथल्या बाईंनी अर्ज काढला.

"काका, त्यांचं शिक्षण?"

"माझ्याइतकंच. चौथी."

"कामाचा नमुना जोडावा लागेल."

"ज्याचं काम दिसतं त्याला आम्ही कच्चा म्हणायचो, बाई."

त्या हसल्या. दगडू वारल्याचं सांगितलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "पण हयात नसलेल्यांचं नाव चालत नाही. दुसरं कुणी सुचवा."

"दुसरं कुणी नाही," म्हणालो आणि उठलो.

रस्ताभर बाईंवर धुमसत होतो. घराशी आलो तेव्हा राग उतरला. तीस वर्षं आम्ही एका टेबलाशी बसलो. काम झालं की दगडू कागद माझ्यापुढे सरकवून जरा थांबायचा. मी नुसता हुं करायचो, कारण माझा हात त्याच्याइतका हलका नव्हता. छान झालंय म्हणायला तेव्हा कुठला अर्ज लागत नव्हता. तो तसा अजून एकदा थांबावा, असं फार वाटतं.