नाडी ओवायची विलायती काडी

मोटारपंपाच्या दुकानदाराने दिवाळीला ताईकडे फराळाच्या डब्यासोबत एक काडी पाठवली आणि आमच्या घरात तिच्यावरून वाद सुरू झाले. वीतभर लांब, दुधी रंगाच्या प्लॅस्टिकची, एका टोकाला वाटाण्याएवढा पितळी गोळा. अंगावर पंपाच्या कंपनीचं नाव इंग्रजीत छापलेलं. कंपनीने मुंबईहून जाहिरातीसाठी गठ्ठाच पाठवला होता, पण ही वस्तू कशाची हे दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. तो बापडा ती इंजिनात बुडवून तेल किती उरलं ते बघायचा.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. वडील गेल्यावर घर तिच्याच पगारावर चालायचं. तेव्हा रिसीव्हर उचलला की आधी ऑपरेटर बोलायची, मग ती जोडून द्यायची. आमच्याकडे नंबर सांगायची पद्धतच नव्हती. ताई, दवाखाना द्या. ताई, कापसाच्या जिनिंगवर जोडा. एवढ्यावर काम भागायचं. नुसता कोणी खोकला तरी माणूस कोण ते तिला कळायचं. दुकानदाराचा मुंबईचा ट्रंककॉल ती आठवणीने लावून द्यायची, म्हणून ही भेट.

माय म्हणाली, कान कोरायची आहे. मी म्हटलं, एवढा गोळा कानात घालशील तर बहिरी होशील. मी पहिल्यापासून तोंडाळच. माझ्या मते ती मलम घोटायची होती, आणि मी ते इतक्या ठासून सांगितलं की चार दिवस मलाच खरं वाटलं. शेवटी शेजारच्या खालांनी काडी हातात घेतली, तिला नाडीचं टोक बांधलं आणि शलवारीच्या नेफ्यातून सरसर ओवून बाहेर काढली. गोळ्यामुळे ती कापडात कुठे रुतत नव्हती. झालं, निकाल लागला. काडी शिवणाच्या डब्यात गेली आणि गल्लीतल्या बाया ती मागून नेऊ लागल्या.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी ताई ड्यूटीवरून आली. माय शेव पाडत होती. ताईने डब्यातून काडी काढली, सोऱ्याची जाड शेवेची चकती उचलली आणि गोळा तिच्या भोकावर टेकवून चकती गोल फिरवली. भोक लहान होतं, गोळा काही आत जाईना, पण ती फिरवतच राहिली. मग तिने सांगितलं की नागपूरहून साहेब आले होते, नवा फोन दाखवायला. त्यावर अशीच भोकांची चकती असते. आपला आपण नंबर फिरवायचा. बोट दुखू नये म्हणून ही काडी. मधे कोणी लागत नाही.

मायने कढईखालचा जाळ ओढला.

"मंग तुह्यं काय होईन वं?"

मला असा संताप आला की मी ताईच्या हातून काडी ओढली, चुलीत घालायला. आमच्या पोटावर उठलेली वस्तू, आणि आम्ही तिने नाड्या ओवत बसलो होतो! मायने ती माझ्या हातून घेतली आणि वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे टाकून दिली. त्यानंतर गल्लीतलं कोणी मागायला आलं की सापडत नाही म्हणायची. रात्री जेवताना आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचं टाळायचो. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती.

नवं एक्स्चेंज सुरू झालं त्या दिवशी ताई फार उशिरा घरी आली. घसा पार बसलेला. उंबऱ्यावरच बसून ती तांब्याभर पाणी प्यायली आणि हसायला लागली. डिरेक्टरी घरोघर वाटली होती, पण ती उघडायची सवय कोणाला! तिला चौकशीच्या टेबलावर बसवलं होतं आणि सगळं गाव दिवसभर तिथेच फोन करत होतं. पंपाच्या दुकानदाराने तर काडी हातात धरूनच विचारलं म्हणे, आता नंबर कोणता फिरवू.

"कोणालेच कोणाचा नंबर ठाऊक नाई, माय," ती म्हणाली. "साहेब म्हणे, तुमाले इथून हलवता येत नाई."

माय उठली. फळीवरच्या डब्यांमागे हात घालून तिने काडी काढली, पदराने पुसली आणि ताईच्या नव्या परकराची नाडी ओवायला बसली.