तुटलं म्हणायचं नाही

नळदुर्गच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. काच दिवसभर तुटते, पायाखाली चुरा होतो, पण बांगडी तुटली म्हणायचं नाही. बांगडी 'वाढली' म्हणायचं. मंगळसूत्राचंही तेच. नवी नवरी असताना माझ्या तोंडून एकदा "तुटली" निघालं, तर आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, गिऱ्हाइकादेखत माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

मला रक्ताचा कॅन्सर आहे. लोक कुजबुजतात म्हणून मीच सरळ सांगते. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. माझ्या एका पेशीत दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांचे तुकडे तुटले आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटले. त्या अदलाबदलीनं पेशीला वाटेल तसं वाढायची मोकळीक मिळाली. हे आईबापाकडून आलेलं नाही, मुलांकडे जाणार नाही, कुणाच्या पापाचं फळ तर नाहीच नाही. उपाय म्हणून रोज गोळी. त्या गोळीवर मी काही वर्षं दुकान, जत्रा, लग्नसराई सगळं रेटलं.

यंदा रिपोर्ट बिघडला. बाई म्हणाल्या, "गोळीनं बहुतेक पेशी मारल्या. पण काही पेशींत ते बिघडलेलं गुणसूत्र एकाचं दोन झालं, वर आणखी एखाद-दुसरं जादा आलं. त्या गोळीला पुरून उरल्या. आता त्यांचीच पिलावळ वाढतेय." औषध बदलायचं ठरलं. नव्या गोळीनंही त्या पेशी दबल्या नाहीत तर पुढं फारसं काही हातात नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मला रडू आलं नाही, राग आला. माझंच रक्त, माझ्याच भाकरीवर पोसलेलं, आणि माझ्याशीच दावा!

घरी आल्यावर आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी अणदूरला लेकीला फोन लावला. तुटलं कसं म्हणायचं? म्हणाल्या, "तिचं गुणसूत्र वाढलंय गं."

नणंदेनं 'गुण' तेवढा ऐकला. औषधाला गुण आला असं समजून दुसऱ्या दिवशी कपाळाला खंडोबाचा भंडारा लावून, पेढे घेऊन दारात हजर. "लई ब्येस झालं वयनी, गुण आला म्हनं!"

मी पोट धरून हसले. मग म्हणाले, "गुण न्हाय आला. तुटलंय. तुटलंय म्हणून वाढलंय." आणि सगळं समजावलं.

नणंद शेतात राबणारी. ती लगेच म्हणाली, "म्हंजी फवारनीला न मरनारी अळी."

"व्हय. म्हणून औषध बदललंय."

आत्याबाई कडाडल्या, "त्योच त्यो शबुद काय लावलाय? जित्त्या मानसांचं घर हाय हे!"

"आत्याबाई, तुम्ही वाढलं म्हणता, अन् ते खरंच वाढतंय. माझ्या दुखण्याला मी खऱ्या नावानंच हाक मारणार. त्याला लपायला माझ्या घरात एक शब्दसुद्धा देणार नाही." त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

नव्या गोळीनं उलट्या झाल्या, तोंड सुजलं. तरी दुकान उघडलं. एका बाईनं बांगड्या भरताना हात मागं ओढला. "रक्ताचं दुखनं हाय नव्हं तुमाला?" मी तो हात परत धरला. "रक्ताचं आहे, उडून लागत नाही. हात सैल सोडा." तिनं सोडला.

नवी गोळी लागू पडतेय का, हे कळायची तपासणी आली. त्या सकाळी निघताना माझा हात दुकानाच्या शटरवर आपटला आणि हिरवी बांगडी खळकन खाली पडली. ऐन निघायच्या वेळी! नवरा जागीच थबकला. मलाही तो अपशकुनच वाटला, खोटं कशाला बोलू.

आत्याबाई पुढं आल्या, वाकून तुकडे वेचले. जन्मात तो शब्द न उच्चारलेल्या त्या बाईंनी मान वर केली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुटली! तुटली म्हनते म्या. ह्या घरात आता काय बी वाढायचं न्हाय. जा तू."